मधली भिंत

आपल्याकडे घर मोजायचं जुनं माप म्हणजे खण. दोन खांबांमधलं अंतर तो एक खण. "दोन खणी खोली", "पाच खणी माडी" असं आजी बोलायची, तेव्हा चौरस फूट वगैरे कोणाला ठाऊक नव्हतं. या मापातच वाडा कसा उभा आहे ते सांगून टाकलेलं असतं. तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, म्हणजेच कडीपाट. बाहेरच्या भिंती जाडजूड दगडविटांच्या असतात आणि त्यांच्यावर वजनही येतं. पण आतली भिंत बहुतेक वेळा दोन खांबांच्या मधे भरलेली असते, घातली तर आहे, काढली तर नाही. पुढे सिमेंटचे फ्लॅट आले तरी या बाबतीत फारसा फरक पडला नाही. कॉलम आणि बीम भार घेतात, मधे चार इंची भिंत उभी राहते. म्हणून गेले सहा महिने पुण्याहून प्रत्येक फोनवर मला जे ऐकवलं जातंय, "अरे, मधली भिंत पाडून टाक की, हॉल केवढा मोठा होईल!", त्याचा मला राग येत नाही. सांगणारा माणूस खणाच्या देशातला आहे.

माझं घर मात्र भिंतींच्या देशात आहे.

आधी एक घोळ निस्तरतो. मी "टेरेस्ड हाऊस" घेतलं म्हटल्यावर नात्यातल्या निम्म्या लोकांना वाटलं की गच्चीचं घर घेतलं. आमच्या आत्याने तर तिथे कुरडया वाळत घालता येतील का असंही विचारलं होतं. :) तर मंडळी, इथे टेरेस म्हणजे ओळ. एकाला एक चिकटलेली, शेजारच्याशी भिंत वाटून घेतलेली वीस-पंचवीस घरं, आपल्या चाळीसारखी, फक्त प्रत्येकाला स्वतःचा जिना आणि स्वतःचं परसू. गच्ची नाहीच. रीडिंगच्या पूर्व भागातली आमची ओळ १८९० च्या दशकातली, तांबड्या विटांत राखाडी विटांची नक्षी असलेली. हंटली अँड पामर्स या बिस्किटांच्या कारखान्याने हे गाव तेव्हा फुगवलं होतं. तो कारखाना १९७६ साली बंद झाला, पण कामगारांच्या ओळी उभ्या आहेत. घराची मांडणी अशी की रस्त्यावरून आत आलं की अरुंद बोळ, एका बाजूला पुढची खोली, तिच्या मागे मागची खोली, त्यामागे शेपटीसारखं स्वयंपाकघर. आणि या पुढच्या-मागच्या खोलीच्या मधे ती भिंत.

ती तिथे कशी आली, हे शोधता शोधता मी तीन-साडेतीनशे वर्षं मागे गेलो. लंडन १६६६ साली जळालं. लाकडी घरं एकमेकांना खेटून, त्यामुळे आग एका छपरावरून दुसऱ्यावर. पुढच्याच वर्षी, १६६७ मध्ये, शहर पुन्हा बांधायचा कायदा झाला. बाहेरच्या भिंती वीट किंवा दगडाच्याच हव्यात, घरं चार प्रकारांत बसवायची, आणि दोन घरांमधली सामायिक भिंत अमुक इतकी जाड हवी. १७७४ च्या कायद्याने हे सगळं आणखी कडक केलं, घरांच्या प्रती ठरवल्या आणि प्रत्येक प्रतीच्या भिंतीची जाडी ठरवली. सगळा भर आगीवर आणि शेजाऱ्यावर. घराच्या आत, मालकाच्या दोन खोल्यांमधे काय आहे, याच्याशी कायद्याला फारसं देणंघेणं नव्हतं. १७८४ ते १८५० या काळात इथे विटांवर कर होता हेही लक्षात ठेवायला हवं. वीट महाग असेल तर कंत्राटदार ती आधी कुठे वाचवणार? अर्थात आत, जिथे कोणी बघत नाही.

आमच्यासारख्या ओळींचा खरा जन्म मात्र १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातला. कॉलरा, गटारं, कोंदट गल्ल्या यांनी गांजलेल्या गावांना स्वतःचे उपनियम करायचे अधिकार मिळाले, आणि १८७७ साली सरकारने नमुन्याचे उपनियम छापून दिले. रस्ता किती रुंद, घरामागे किती मोकळी जागा, भिंत किती जाड. इंग्लंडमधल्या कुठल्याही गावात गेलं तरी त्या ओळी भावंडं का दिसतात याचं उत्तर या नमुन्यात आहे. सामायिक भिंत नऊ इंची, आतली साडेचार इंची. (ही मापं आपल्या गवंड्यांच्या तोंडी अजून आहेत. साहेब गेला, त्याची नऊ इंची राहिली.)

आता त्या साडेचार इंची भिंतीकडे बघा. पहिल्या मजल्याची जमीन म्हणजे आपला कडीपाटच, लाकडी कड्या आणि त्यावर फळ्या. पण त्याखाली खांब नाही, तुळई नाही. कड्यांचं एक टोक रस्त्याकडच्या भिंतीत आणि दुसरं या मधल्या भिंतीवर. मागच्या खोलीच्या कड्यांचंही तेच. म्हणजे दोन्ही बाजूंच्या कड्या हिच्यावर येऊन टेकतात. वरच्या मजल्यावर हिच्याच डोक्यावर दुसरी भिंत, दोन झोपायच्या खोल्यांमधली. आणि त्याच्याही वर, माळ्यावर चढून बॅटरी मारली तर दिसतं की छपराच्या वाशांना मधे आधार देणारं जे आडवं लाकूड आहे, त्याला तिरके टेकू दिलेत, आणि ते टेकू उतरतात ते याच भिंतीच्या माथ्यावर. शिवाय दोन बाजूंच्या उंच भिंतींना धरून ठेवायचं कामही ती करते. सव्वाशे वर्षं, चुन्याच्या दर्जांमधे, कोणाच्या लक्षात न येता.

सगळ्या घरांत असंच असतं असं नाही. अगदी अरुंद घरांत कड्या एका सामायिक भिंतीपासून दुसरीपर्यंत आडव्या जातात, मग मधली भिंत बरीच हलकी असते. आणि उलटही असतं. जुन्या घरांत लाकडी चौकटीच्या भिंती असतात, वर पट्ट्या आणि गिलावा. टिचकी मारली की पोकळ आवाज येतो आणि माणूस म्हणतो की ही तर नुसती आडोशाची. प्रत्यक्षात आत तिरक्या लाकडांची कैची बसवलेली असते आणि वरचा मजला तिच्यावर असतो. टिचकी मारून भार ओळखणारे लोक मला इथे बरेच भेटले. जमिनीची फळी उचलून कड्या कुठे चालल्यात ते बघणारे दोनच.

पण भार हे भिंतीचं एक काम झालं. ती मुळात बांधली कशाला? माझ्या मते त्याचं अर्धं उत्तर कोळसा आहे. प्रत्येक खोलीला स्वतःची शेगडी, आणि शेगडीने तापेल एवढीच खोली. दार लावून घेतलं की ऊब आत. मोठा हॉल म्हणजे थंडीला आमंत्रण. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे अब्रू. पुढची खोली, पार्लर, वापरायची नसायची! सगळं कुटुंब मागच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात गर्दी करून राहायचं आणि पुढची खोली रविवारसाठी, पाद्रीबाबांसाठी, मुलगी बघायला आलेल्यांसाठी राखून ठेवलेली असायची. आपल्याकडे चांगल्या कपबशा कपाटात ठेवतात तशी यांनी अख्खी खोली ठेवली होती. आणि घरात कोणी गेलं की शवपेटी तिथेच ठेवायची. शेजारच्या आजींची पुढची खोली अजून तशीच आहे. त्यांचे वडील तीन दिवस तिथे होते, असं त्यांनी मला साखर किती घालू विचारावं इतक्या सहज सांगितलं.

आपल्या माणसांचा या भिंतीशी पहिला संबंध आला तो भाडेकरू म्हणून. खोल्या बंद होत्या म्हणूनच घरमालकीण एकेक खोली भाड्याने देऊ शकत होती. विलायतेला शिकायला आलेल्या किती पिढ्या अशा एकेका खोलीत राहिल्या. लंडनमधल्या किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले. ते जुनं चार मजली घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतलं आणि तिथे आता स्मारक आहे. तिथे गेलो होतो तेव्हा माझ्या मनात आलं की पैसे जेमतेम असलेल्या त्या विद्यार्थ्याला मिळालेली सगळ्यात मोठी चैन म्हणजे लावून घेता येणारं दार असणार. रात्र रात्र वाचायला चार भिंती लागतात. पुढे १९५०-६० च्या दशकांत भारतातून, पाकिस्तानातून, वेस्ट इंडीजमधून कामाला आलेल्यांनी हीच घरं खोलीखोलीने वाटून घेतली. पाद्रीबाबांच्या पार्लरमधे दोन-तीन खाटा पडल्या.

मग भिंतीवर घाव पडायला लागले कधी? साधारण १९६० च्या सुमाराला. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर ते जीवघेणं धुकं पसरलं, त्यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला, आणि कोळशाच्या शेगड्या मागे पडू लागल्या. १९६७ पासून दहा वर्षांत घरोघरच्या शेगड्या-बंब उत्तर समुद्रातल्या नैसर्गिक वायूवर चालतील असे बदलून दिले गेले. रेडिएटर आले. सगळं घर एकसारखं गरम व्हायला लागल्यावर दाराचं आणि भिंतीचं पहिलं काम संपलं. पाद्रीबाबा यायचे कमी झाले, टीव्ही आला, दुसरंही संपलं. घर सुधारायला सरकारी अनुदान १९४९ पासूनच होतं, १९६९ च्या कायद्याने ते बरंच सढळ झालं. जुन्या ओळी पाडून टाकण्यापेक्षा दुरुस्त कराव्यात असं वारं वाहू लागलं. टीव्हीवर बॅरी बकनेल नावाचे गृहस्थ "स्वतः करा" शिकवत. १९६२ साली बीबीसीने त्यांच्यासाठी ईलिंगमधलं एक जुनाट घर घेतलं आणि आठवड्यामागून आठवडे त्यांनी ते प्रेक्षकांसमोर नवं केलं. नक्षीच्या दारांवर सपाट हार्डबोर्ड ठोकायची साथ त्यांच्यामुळेच पसरली असं म्हणतात. पुढच्या पिढीने तोच हार्डबोर्ड उपटून काढण्यात आपले रविवार घालवले! लंडनच्या जुन्या वस्त्यांत मध्यमवर्ग शिरू लागला, भिंती पाडून लांबलचक दिवाणखाने करू लागला. या शिरकावाला रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ साली "जेंट्रिफिकेशन" हे नाव दिलं. पार पुढच्या खिडकीपासून मागच्या खिडकीपर्यंत उजेड यायला लागला, हे मात्र कबूल करायला हवं. तो उजेड मी शेजारपाजारी बघतो आणि माझंही मन होतं.

भिंत काढायची तर तिच्या जागी काहीतरी हवं. ते काहीतरी म्हणजे पोलाद. इथे लोखंडी सांगाड्याची पहिली इमारत श्रूजबरीची अंबाडीची गिरणी, १७९७ ची. पण लाटून काढलेले पोलादी बीम सरसकट मिळू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी. प्रत्येक कारखान्याची मापं वेगळी, नुसता गोंधळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रमाण मापं ठरवणारी समिती बसली तेव्हा तिने १७५ आकार छाटून ११३ वर आणले. माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट लढायांपेक्षा जास्त आवडते. त्या जुन्या बीमना आरएसजे म्हणत. आज वापरतात ते वेगळ्या घडणीचे आहेत, पण गवंडी, शेजारी, दलाल सगळे आरएसजेच म्हणतात. आपण नाही का कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत होतो, तसं.

आणि बीम चढेपर्यंत वरचा मजला कोण धरणार? टेकू. खाली-वर करता येणारे ते लोखंडी टेकू इथे सगळ्यांना "ॲक्रो" म्हणूनच माहीत आहेत. विल्यम द व्हिजिए नावाचा एक स्विस तरुण १९३६ साली लंडनला आला आणि त्याने ही कंपनी काढली. नाव दिलं आपल्या वकिलाचं, ए. क्रो! कंपनी १९८४ मध्ये बुडाली, पण नाव आमच्या गल्लीतल्या प्रत्येक कचरापेटीशेजारी उभं असतं. पद्धत अशी की भिंतीच्या वरच्या भागात भोकं पाडून त्यांतून आडवे मजबूत दांडे आरपार घालायचे, दांड्यांच्या दोन्ही टोकांखाली टेकू लावायचे, मग खालची भिंत उतरवायची आणि बीम वर सरकवायचा. बीमची टोकं नुसत्या जुन्या विटेवर ठेवायची नाहीत. खाली काँक्रीटचा ठोकळा हवा, खांबाखाली तळखडा असतो तसा, फक्त तो इथे जमिनीवर नसून भिंतीत उंचावर असतो. मग बीम आणि वरची वीट यांच्यामधली फट कोरड्यासर सिमेंट-वाळूने ठासून भरायची. हे ठासणं म्हणजे अर्धं काम. फट राहिली तर टेकू काढल्यावर वरची भिंत तेवढी खाली बसते.

लेस्टरच्या काकांकडे नेमकं हेच झालं. काका १९६८ साली आले, आधी भाड्याने एका खोलीत, मग १९७० च्या दशकात स्वतःचं घर. गणपतीला माणसं मावत नाहीत म्हणून त्यांनी भिंत काढून घेतली. गवंडी कोण होता ते सोडून देऊ. बीम घातला, गिलावा झाला, आरती झाली, आणि दिवाळीपर्यंत वरच्या झोपायच्या खोलीचं दार लागेना. काकूने ते रंधून घेतलं. पुढच्या वर्षी पुन्हा रंधलं. छताजवळ जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची भेग गेली. चाळीस वर्षांनी घर विकायला काढलं तेव्हा घेणाऱ्याच्या वकिलाने बीमचे कागद मागितले. कागद नव्हतेच. छत उघडून दाखवावं लागलं, नवीन हिशेब, नवीन ठोकळे. काका म्हणतात की त्या भिंतीचे पैसे त्यांनी दोनदा दिले.

कागद म्हणजे काय, तर इमारतींचे देशव्यापी नियम १९६६ पासून लागू झाले (आतल्या लंडनचे वेगळे होते), त्याआधी जो तो गाव आपल्या उपनियमांवर. आता इंजिनियरचं गणित लागतं, पालिकेचा किंवा मान्यताप्राप्त तपासनीस लागतो, आणि बीमला आगीत अर्धा तास टिकेल असं आवरण. त्यावर शेजाऱ्याचा कायदा, १९९६ चा. सामायिक भिंतीत बीमचं टोक घुसवायचं तर दोन महिने आधी लेखी नोटीस. १६६७ मध्ये सुरू झालेली शेजाऱ्याची काळजी अजून चालू आहे.

मी इंजिनियर नाही, पण इंजिनियरबाईंनी मांडलेलं गणित मला समजलं ते असं. खोलीची रुंदी ३.६ मीटर. पुढच्या आणि मागच्या खोलीच्या कड्यांचा अर्धा अर्धा भार भिंतीवर, म्हणजे साधारण १३ चौरस मीटर जमीन. माणसं, पलंग, कपाटं धरून चौरस मीटरला २०० किलो, झाले २.६ टन. वरची विटांची भिंत सव्वादोन टन. छप्पर-माळ्याचा वाटा सव्वा टन. एकूण सहा टनांच्या वर. म्हणजे नऊ-दहा मारुती ८००, एकीवर एक रचलेल्या. आज हे वजन ३.६ मीटर लांबीवर पसरलंय. भिंत काढली की तेच दोन टोकांवर, प्रत्येकी तीन टन, आणि आमच्याकडे त्यातलं एक टोक बोळाच्या साडेचार इंची भिंतीवर येतं. बाईंना बीमची चिंता नव्हतीच. त्यांचं बोट त्या टोकावर होतं.

१६ मे १९६८ ला पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत, अठराव्या मजल्यावर पहाटे चहासाठी शेगडी पेटवताना वायूचा स्फोट झाला आणि एक भिंत बाहेर फेकली गेली. ती भार घेणारी होती. अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत गेला, चार माणसं गेली. आणि २५ जुलै २०१७ ला घाटकोपरला सिद्धी साई इमारत बसली, १७ माणसं गेली. तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांकडे बोट दाखवलं गेलं. पुण्याहून "पाडून टाक की" म्हणणाऱ्या मंडळींसाठी ही दोन वाक्यं. एका मजल्यावरची भिंत एका मजल्याची नसते.

पण खरं सांगायचं तर आमच्याकडे प्रश्न टनांचा राहिलाच नाही. पैसे खर्च केले तर सहा टन पेलता येतात. प्रश्न आईचा आहे. पुढच्या उन्हाळ्यात ती येतेय, या वेळी बहुधा कायमची. गुडघ्यांमुळे जिना बंद. खालच्या मजल्यावर दार लावून झोपता येईल अशी एकच जागा, ती पुढची खोली. तिला पहाटे पाचला उठून रेडिओ लावायचा असतो, दुपारी पडायचं असतं, आणि सून आणि नातवंडांच्या टीव्हीपासून थोडं लांबही असायचं असतं. हे तिने म्हटलेलं नाही, ती म्हणणारही नाही. उलट फोनवर सगळ्यात जोरात "हॉल मोठा करून घे" म्हणते ती तीच. बायकोचं म्हणणं की उजेड पुढेही आणता येईल, आईंना खोली आता हवी. मुलं हॉलच्या बाजूने आहेत. त्यांना मतदानाचा हक्क नाही.

इंजिनियरबाईंनी एक मधला मार्ग काढून दिलाय. मोठ्या जुन्या घरांत पुढच्या-मागच्या दिवाणखान्यांमधे घडीची दारं असायची, तसं मधोमध दीड मीटरचं दुपाखी दार. दोन्ही बाजूंना भिंतीचे भरभक्कम तुकडे राहतात, बीम छोटा, टोकं त्या तुकड्यांवर, बोळाच्या भिंतीला धक्का नाही. सामायिक भिंतही फोडायची नाही, त्यामुळे नोटीसही नाही. दार उघडलं की उजेड, लावलं की आईची खोली. नकाशा आलाय, गवंड्याचा अंदाज यायचाय.

काका, तुमच्या घराचे भिंत काढण्याआधीचे गणपतीचे फोटो असतील तर स्कॅन करून पाठवा. आणि इथल्या ओळींमधे राहणाऱ्या ब्लॉगर मंडळींपैकी कोणी असं दुपाखी दार करून घेतलं असेल तर आवाज कितपत अडतो तेवढं कळवा. पहाटे पाचचा रेडिओ दोन्ही बाजूंनी विचारात घ्यायचा आहे.